समोरच्या अंगणात झुडपांची बाग: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेआउटमधलं घर, फाटकाच्या आत दहा-बारा फुटांची पट्टी, अर्ध्या भागात गाडी आणि उरलेल्या अर्ध्यात एप्रिलमध्ये जळालेला लॉन. बेसा असो की धरमपेठ, प्रश्न अशाच अंगणांतून येतात, आणि येतात तेही वर्षातून दोनदाच: मार्चमध्ये झाडं कोमेजायला लागली की, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकच उत्तर दोनदा लिहिण्यापेक्षा गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कमी देखभालीची बाग म्हणजे नेमकं किती काम? आम्ही दोघंही नोकरीवाले, माळी ठेवायचा नाही.

पहिलं वर्ष काम आहे, ते चुकत नाही. मुळं खोल जाईपर्यंत नियमित पाणी आणि पावसाळ्यात तण उपटणं हे करावंच लागतं. दुसऱ्या वर्षापासून मात्र उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा पाणी, जूनमध्ये खत, वर्षातून दोनदा कात्री आणि बुडाशी पाचोळ्याचं आच्छादन, एवढ्यावर भागतं. काहीच करायचं नसेल तर लोक सरळ फरशी घालतात. ती फरशी मे महिन्यात रात्री अकरापर्यंत गरम झळा मारते आणि कूलरचं बिल वाढवते, हे आधी लक्षात घ्या.

२. लॉन का नको? हिरवंगार दिसतं की.

ऑगस्टमध्ये दिसतं. मेमध्ये ४५ अंशांवर तेच लॉन हिरवं ठेवायला रोज पाणी लागतं, शिवाय कापणी आणि तण काढणं आलंच. तेवढ्याच जागेतली झुडपं एकदा रुजली की त्या पाण्याच्या थोड्याशा वाट्यावर जगतात. मुलांना खेळायला हिरवळ हवीच असेल तर घराच्या पूर्वेला, दुपारच्या सावलीत, चटईएवढा तुकडा ठेवा. लॉनऐवजी पांढरी गिट्टी टाकायची फॅशन आली आहे, पण पश्चिममुखी घरासमोर ती टाकू नका. ऊन परतवून ती शेजारचीच झुडपं भाजते.

३. आमची माती काळी, चिकट आहे. यात झुडपं जगतील का?

जगतील, पण सपाट जमिनीत खड्डा खणून लावू नका. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. मे महिन्यात तीच आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. नागपूरचा साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबरातच पडतो, तेव्हा जुलैतली दलदल हाच जास्त झाडं मारणारा शत्रू. लोक मात्र भितात ते उन्हाला.

यावर उपाय उंच वाफ्याचा. विटांची कड लावून वाफा नऊ इंच ते फूटभर उचला आणि विटांमध्ये पाणी निघायला फटी सोडा. भरायला दोन भाग तीच काळी माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. कच्चं शेण घालू नका, वाळवी आणि हुमणी दोन्ही बोलावून घ्याल.

नवीन बांधकामात प्रकरण वेगळं असतं. तिथे वर चार इंच माती आणि खाली सगळा मलबा निघतो. सिमेंटचे गोळे, चुना, टाइलचे तुकडे निदान दीड फुटापर्यंत काढल्याशिवाय पुढचं काही वाचू नका.

४. लावायची वेळ कोणती?

दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की, म्हणजे जूनअखेर ते जुलै. हुकलं तर सप्टेंबर-ऑक्टोबर. वाफे बांधणं, मलबा काढणं मात्र मे महिन्यातच उरकून ठेवा, पावसात काळ्या मातीत फावडं चालत नाही. मार्चनंतर नवीन झाड जमिनीत लावू नका, नर्सरीवाला काहीही म्हणो.

५. वर्षभर काही ना काही फुललेलं दिसावं. कोणती झुडपं घेऊ? नावं सांगा.

वीस जातींचं एकेक झाड आणू नका. तसं अंगण नर्सरीच्या कोपऱ्यासारखं दिसतं आणि प्रत्येकाचं पाणी-खत वेगळं सांभाळावं लागतं. पाच-सहा जाती घ्या, प्रत्येकी तीन-चार झाडं, आणि निवड करताना त्यांचे महिने एकमेकांना जोडून घ्या.

उन्हाळ्यापासून सुरू करू, कारण नागपुरात बागेची परीक्षा तिथेच. मार्च ते जून अंगण सांभाळतात ती बोगनवेल, कण्हेर आणि टिकोमा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो, तेव्हाही गुलाबी कण्हेर झुबक्यांनी फुललेली असते. दुपारनंतर सावली येणारी जागा असेल तर तिथे मोगरा. त्याचा बहर याच दिवसांतला, आणि संध्याकाळी व्हरांड्यात बसणाऱ्याला दुसरं काही नको.

पावसाळ्यात तगर, जास्वंद, शंकासूर आणि सावनी. सावनीला नर्सरीत लॅगरस्ट्रोमिया म्हणून विचारा. हिवाळ्यात तिची पानं गळतात आणि नुसत्या गुळगुळीत फांद्या उरतात, म्हणून ती एकटी दर्शनी जागी नको. कुंतीचं गणित निराळं आहे: एक चांगली सर आली की काही दिवसांत झुडूप एकदम पांढरं होतं, घमघमतं आणि लगेच गळून मोकळं. पण कुंती आणण्याआधी प्रश्न १४ वाचा. ऑगस्टपासून पारिजातक. तो उंच वाढतो, तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यात एकच पुरे, तोही पाणी न साचणाऱ्या जागी.

दिवाळीनंतर बहुतेक बागांना मरगळ येते. ही फट भरते कोरांटी. जांभळी, पांढरी, पिवळी, नोव्हेंबर ते जानेवारी फुलणारी. उन्हाळ्यात ती काटक्यांची जुडी दिसते म्हणून नर्सरीत कुणी तिच्याकडे पाहत नाही. माझ्या मते नागपूरच्या अंगणात सगळ्यात जास्त दुर्लक्ष झालेलं झुडूप हेच. फेब्रुवारीत विदर्भातल्या टेकड्यांवर लालकेशरी फुलणारी धायटीही अंगणात छान होते. साध्या नर्सरीत ती सहसा दिसत नाही, वनविभागाच्या रोपवाटिकेत विचारून पाहा.

आणि वर्षभराचा भरवशाचा गडी हवा असेल तर हमेलिया. केशरी नळीदार फुलं जवळजवळ बाराही महिने, आणि त्यांवर सकाळी शिंजीर येतातच.

पानांच्या रंगासाठी क्रोटन आणि अकॅलिफा आणायचा मोह होतो. पश्चिमेच्या उन्हात दोन्ही करपतात. पूर्वेला किंवा झाडाच्या सावलीत ठीक.

६. किती अंतरावर लावायची? मांडणी कशी करू?

कण्हेर, टिकोमा, सावनी, शंकासूर ही मोठी झुडपं चार-पाच फुटांवर, कंपाउंडच्या भिंतीपासून निदान अडीच फूट सोडून. तगर, जास्वंद, हमेलिया तीन-साडेतीन फुटांवर. कोरांटी, मोगरा, बुटकी एक्झोरा दोन फुटांवर, पुढच्या ओळीत. लावल्यावर पहिली दोन वर्षं मधली जागा रिकामी रिकामी वाटते आणि शेजारी विचारतात की एवढंच का लावलं. त्या जागेत सदाफुली टाकून द्या. खिडकीसमोर तीन फुटांपेक्षा उंच वाढणारं काही नको, आणि पाण्याच्या मीटरपर्यंत जायला पाऊलवाट ठेवा.

७. पाणी किती आणि कधी?

रुजलेल्या मोठ्या झुडपाला मे महिन्यात तिसऱ्या दिवशी दहा-पंधरा लिटर, सावकाश मुरेल असं. रोज मगभर शिंपडलेलं पाणी वरच्या दोन इंचांतच राहतं, मुळंही मग वरच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. हिवाळ्यात आठवड्याला एकदा. पावसाळ्यात मोठा खंड पडला तरच.

वेळ सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. दुपारी तीन वाजता जास्वंदीची पानं लोंबली म्हणून धावत नळी लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळीही लोंबलेली असतील तर तहान, नाहीतर तो उन्हापासून बचाव.

आच्छादनाशिवाय हे आकडे लागू नाहीत. बुडाशी तीन इंच पाचोळा किंवा भंडाऱ्याकडून येणारी धानाची तणस पसरा, खोडापासून चार बोटं मोकळी सोडून. पाचोळा जाळायचा आणि मग आच्छादन विकत आणायचं, हा उद्योग बंद करा.

८. कूलर आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू का?

बेतानं. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. गवताच्या जाळीवर बसलेला पांढरा थर तोच. आठवड्याला टाकी रिकामी करता (डेंग्यूसाठी करायलाच हवी) तेव्हा ते पाणी कण्हेर आणि बोगनवेलीला द्या, ती सोसतात. मोगरा, जास्वंद, एक्झोरा यांना नको. टाकीत वासाचं किंवा डासांचं औषध टाकलं असेल तर कुठल्याच झाडाला नको. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही असंच. रोज एकाच झाडाला घातलंत तर पानांच्या कडा जळालेल्या दिसतील.

९. जास्वंद आणि एक्झोराची पानं पिवळी पडताहेत. खत घातलं तरी फरक नाही.

कोणती पानं, ते आधी बघा. कोवळी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि त्यांतल्या शिरा मात्र हिरव्या, असं जाळीसारखं दिसत असेल तर लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही. वरून युरिया घालून उपयोग नाही. चिलेटेड लोह (झाडाला घेता येईल अशा रूपातलं) लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. बुडाशी शेणखतात मिसळून थोडं हिराकसही देतात, पण त्याचा परिणाम अशा मातीत फार टिकत नाही. एक्झोराचा हा त्रास दरवर्षी उभा राहतो. कमी देखभाल हवी असेल तर एक्झोराचा हट्ट सोडा आणि त्या जागी हमेलिया लावा.

जुनी, खालची पानं सबंध पिवळी होऊन गळत असतील आणि माती ओली असेल तर पाणी जास्त होतंय. प्रश्न ३ आणि ७ पाहा.

१०. बोगनवेल वाढते भरपूर, फुलत मात्र नाही.

लाड होताहेत. ती ताणावर फुलते. पावसाळा संपला की पाणी कमी करा, नत्राचं खत बंद, आणि निदान सहा तास सरळ ऊन मिळतंय का ते तपासा. लॉनशेजारी लावलेली बोगनवेल लॉनचं पाणी पिऊन नुसती पानं काढते, ही तक्रार फार येते.

वास्तुशास्त्रात काटेरी झाड दारात चालत नाही, असंही विचारतात. वास्तूचं मला विचारू नका, पण फाटकापासून तीन-चार फूट लांब लावा, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याचे पदर आणि दुपट्टे अडकतात.

११. छाटणी कोणाची, कधी?

मोठी छाटणी जूनच्या पहिल्या पावसानंतर: कण्हेर, टिकोमा, हमेलिया, बोगनवेल, जास्वंद. तिसरा हिस्सा कापला तरी चालतं. दिवाळीनंतर हलका हात. याला अपवाद दोन. मोगरा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत छाटून, खत देऊन पाणी सुरू करा, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या धरतो. सावनीही पानं नसतानाच, जानेवारी-फेब्रुवारीत, कारण तिची फुलं नव्या फुटीवर येतात. एप्रिल-मे महिन्यांत कुठल्याही झुडपाला कात्री लावू नका. आतल्या फांद्या उघड्या पडतात आणि साल भाजते. झुडपांना चौकोनी डब्याचा आकार द्यायचा असेल तर दर तीन आठवड्यांनी कात्री लागते आणि फुलं जातात ती वेगळीच.

१२. तगरीची पानं एका रात्रीत गायब! बोटाएवढी हिरवी अळी आहे. काय फवारू?

काहीच नाही. पावसाळ्यात येणारी ही अळी एका मोठ्या, हिरव्या नक्षीदार पतंगाची आहे. तगर आणि कण्हेर हे तिचं खाणं. नीट पाहा: मानेजवळ पांढऱ्या-निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके, शेपटीला छोटं शिंग. हात लावला की डोकं आत घेऊन ते ठिपके फुगवते, पक्ष्याला वाटावं समोर साप आहे. ती चावत नाही. पूर्ण वाढली की तपकिरी होऊन खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. तगर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पालवते. फारच झाल्या तर हातानं उचलून रिकाम्या प्लॉटमधल्या कण्हेरीवर सोडा.

जास्वंदीवरचा पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण मात्र सोडू नका. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर त्यांचा बंदोबस्त आधी, त्याच त्याला फांदीफांदीवर नेऊन ठेवतात.

१३. कण्हेर विषारी आहे ना? घरात दोन वर्षांचा नातू आहे.

हो. पानं, फुलं, खोड, बी, सगळंच, आणि परिणाम थेट हृदयावर होतो. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, तिच्या बिया तर अतिशय घातक. वस्तू तोंडात घालायच्या वयाचं मूल किंवा पाला चावणारं कुत्र्याचं पिल्लू घरात असेल तर समोरच्या अंगणात दोन्ही लावू नका, त्या जागी टिकोमा घ्या. आधीच मोठी असेल तर भिंतीकडेला ठेवा, पूजेला फुलं तोडल्यावर हात धुवा आणि छाटलेल्या फांद्या कधीही जाळू नका, धूरही विषारी असतो. चुकून खाल्लं तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा, फांदी सोबत घेऊन.

१४. कुंतीचं कुंपण करायचं आहे. आमचा संत्र्याचा बगिचा काटोलला आहे, त्याचा काही संबंध?

आहे. संत्र्यावरचा सायला हा किडा कुंतीवर मजेत वाढतो, आणि हाच किडा ग्रीनिंग रोग पसरवतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड या पट्ट्यात बगिच्याजवळच्या घराला कुंतीचं कुंपण नको. शहरात, आसपास संत्रा-लिंबू नसेल तर खुशाल लावा. परसात लिंबाचं झाड असेल तर कुंतीच्या कोवळ्या फुटीवर लक्ष ठेवा. कढीपत्त्यावरही हा किडा येतो.

१५. नर्सरीतून आणलेली झाडं पहिल्याच उन्हाळ्यात जातात. फसवणूक होते का?

बहुतेक वेळा तसं नाही. आपल्याकडे विकली जाणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमकडून येतात. तिथली दमट हवा आणि नागपूरचा कोरडा मे, दोहोंत फार अंतर. शिवाय पिशवी फाडली की आत घट्ट लाल मातीचा गोळा निघतो. तो तसाच काळ्या मातीत ठेवला तर भोवती पाणी मुरतं आणि गोळा आतून कोरडाच राहतो. लावण्याआधी पिशवीसकट बादलीत तासभर बुडवा, मग बोटांनी कडा सैल करा, गोल फिरलेली मुळं मोकळी करा. फुलांनी लगडलेलं चार फुटी झाड घेण्यापेक्षा दीड फुटाचं, बुडातून तीन-चार फांद्या फुटलेलं घ्या. स्वस्तही आणि टिकाऊही.

१६. अंगणात मोठा कडुलिंब आहे. सावलीमुळे काही येत नाही. तोडू का?

राहू द्या. नागपुरात दुपारची सावली विकत मिळत नाही. शिवाय स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. खालच्या फांद्या विरळ करायच्या असतील तरी आधी उद्यान विभागात विचारा. सावलीत तगर, अडुळसा, कुंती आणि अबोली चांगली येतात. बोगनवेल आणि टिकोमाचा नाद तिथे सोडा.

१७. दाट झुडपांत साप येतील, अशी घरच्यांना भीती आहे.

नव्या लेआउटमध्ये, आजूबाजूला रिकामे प्लॉट असताना, ही भीती अगदीच खोटी नाही. पण साप फुलांच्या वासाला येत नाही, रातराणीलाही नाही. तो उंदीर-बेडकांमागे येतो. झुडपांचा खालचा फूटभर भाग फांद्या काढून मोकळा ठेवा, विटांचा ढीग आणि भंगार अंगणात नको, उंदरांची बिळं बुजवा. पावसाळ्यात पाचोळ्यात हात घालताना आधी काठीनं हलवा.

१८. फाटक उघडं राहिलं की मोकाट गाई सगळं खाऊन जातात.

जास्वंद त्यांना फार आवडते, ती आतल्या बाजूला. रस्त्याकडे अडुळसा, त्याला शेळीही तोंड लावत नाही. कण्हेरही जनावरं सहसा टाळतात, पण ती विषारी आहे (प्रश्न १३), म्हणून जिथे गुरं नेहमी फिरतात तिथे मुद्दाम लावू नये.

१९. कोनोकार्पस किंवा फायकसचं झटपट कुंपण कसं राहील?

झटपट होतं, तिथेच गोम आहे. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये कोनोकार्पस लावायला बंदी घातली. फायकस तर वड-पिंपळाच्या घराण्यातला. काळ्या मातीत त्याची मुळं पाणी ओढतात, माती आकसते आणि कंपाउंडला तडे जातात. आडोसा हवा असेल तर मेंदी किंवा दाट लावलेली तगर. वर्षभर उशिरा होईल, भिंत शाबूत राहील.

२०. मे महिन्यात महिनाभर मुलाकडे पुण्याला जातो. बाग कशी जगवायची?

एप्रिलमध्येच आच्छादन दुप्पट करा. प्रत्येक मोठ्या झुडपाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर आणि नळाला टायमर. टायमर गच्चीवरच्या टाकीच्या लाइनला जोडा, महापालिकेचं पाणी येण्याच्या वेळेवर भरवसा नको. निघण्याआधी आठवडाभर तो चालवून बघा, सेल नवे टाका. पश्चिमेकडची नवी झाडं असतील तर ५० टक्क्यांची ग्रीन नेट बांधा. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर त्यांना फक्त मोगरा आणि कुंड्या सांभाळायला सांगा. रुजलेली बोगनवेल आणि कण्हेर ताणातून निघतात.

परत आल्यावर वाळलेल्या दिसणाऱ्या फांद्या लगेच कापू नका. पाऊस पडून आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग नखानं साल खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर फांदी ठेवा, तपकिरी दिसलं तर हिरवं लागेपर्यंत खाली कापत या.